पंधरा वर्षं एकाच कंपनीत : टिकून राहण्याची किंमत कुठे मिळते, कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा : चाकणच्या एका ऑटो-पार्ट्स कंपनीत क्वालिटीत असिस्टंट मॅनेजर. नोकरीला १४ वर्षं ८ महिने झाले, पहिली आणि एकच नोकरी. सीटीसी (कंपनीला पडणारा वर्षाचा एकूण खर्च) ८.४० लाख, त्यात बेसिक आणि डीए मिळून महिना ३५,०००. हाताखाली शिकलेला मुलगा दोन वर्षं बाहेर राहून परत आला आणि आता यांच्यापेक्षा जास्त पगार घेतो. रांजणगावच्या एका कंपनीची १०.९२ लाखांची ऑफर हातात आहे. इतकी वर्षं टिकून राहिल्याला काही किंमत आहे का, की जावं?

निष्ठा मोजायचं यंत्र कुठल्याच कंपनीकडे नसतं. मोजला जातो तो सेवाकाळ, आणि तोही काही ठरावीक ठिकाणीच. मासिक पगारात त्याला जवळपास शून्य किंमत आहे. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी एकरकमी रक्कम), रजा, नोकरकपातीची भरपाई, पेन्शन, मेडिक्लेम इथे किंमत आहे. पण त्यातली काही कंपनीच्या दप्तरात अडकलेली असते आणि काही तुमच्या नावावर चालत तुमच्याबरोबर येते. हा फरक कळला की निम्मा प्रश्न सुटतो.

आधी त्या मुलाचं. त्याचा पगार जास्त का, याचं कारण साहेबांची मर्जी नाही, बजेटची रचना आहे. पगारवाढीचं बजेट चालू पगाराच्या टक्केवारीत मंजूर होतं. सगळ्या विभागाला मिळून समजा नऊ टक्के आले, तर एकाला अठरा देण्यासाठी दुसऱ्या कुणाचे तरी कापावे लागतात, म्हणून विभागप्रमुख सात ते अकराच्या मध्ये सगळ्यांना बसवतो. भरतीचं बजेट मात्र जागेवर मंजूर होतं आणि तिथे बाजारभाव चालतो. जागा तीन महिने रिकामी राहिली, ग्राहकाचं ऑडिट तोंडावर आलं, की एचआर पगाराच्या बँडच्या (त्या ग्रेडला ठरवलेल्या किमान-कमाल पगाराच्या) वरच्या टोकापर्यंत जातं. तुमचा पगार २०११ च्या आकड्यावर टक्के चढवत आलेला आहे, त्याचा गेल्या वर्षीच्या बाजारावरून ठरलेला. पंधरा वर्षांत ही दरी आपोआप पडते, त्यासाठी कुणी तुमच्यावर अन्याय करायची गरज नसते. आणि म्हणूनच ती आपोआप भरतही नाही.

आता ऑफर. ८.४० वरून १०.९२ म्हणजे ३० टक्के वाढ, असं वाटतं. ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावरचा तक्ता उघडा. अशा ऑफरचा नेहमीचा साचा साधारण असा असतो : बेसिक ४५,५००, व्हेरिएबल (पगाराचा हमी नसलेला, कमी-जास्त होणारा भाग) वर्षाला १,२०,०००, जॉइनिंग बोनस ५०,०००, मेडिक्लेमचा हप्ता १८,०००, कंपनीचा पीएफ ६५,५२०, ग्रॅच्युइटी २६,२६३. हे सगळं १०.९२ लाखांच्या आतलं. हे वजा केलं की निश्चित मिळणारी रक्कम (तुमचा पीएफ आणि कर कापण्याआधीची) उरते ८,१२,२१७. तुमच्या आजच्या ८.४० लाखांतून कंपनीचा पीएफ ५०,४०० आणि ग्रॅच्युइटी २०,२०२ वजा केली तर उरतात ७,६९,३९८. फरक वर्षाला ४२,८१९, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आसपास. वर कंपनीचा पीएफ १५,१२० नी वाढतो, तो खरा पैसा आहे. बाकीची बहुतेक वाढ व्हेरिएबलवर आणि एकदाच मिळणाऱ्या बोनसवर उभी आहे.

यातली प्रत्येक ओळ विचारून घ्यायची. व्हेरिएबल गेल्या तीन वर्षांत त्या ग्रेडला प्रत्यक्षात किती टक्के मिळालं? तोंडी उत्तर चालेल, पण ते एचआरकडून नको, त्याच ग्रेडवर काम करणाऱ्या माणसाकडून घ्या. जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडल्यास परत करायचा असतो, आणि तिथे एक खोच आहे : तुम्हाला कर कापून रक्कम मिळालेली असते, कंपनी परत मागते ती कर धरून पूर्ण. ग्रॅच्युइटीची ओळ (बेसिकच्या ४.८१ टक्के, कारण १५ भागिले २६ भागिले १२) नव्या नोकरीत पहिली पाच वर्षं शून्य धरा, कारण तोवर तुम्ही सोडलं तर ती मिळत नाही. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले (पाच दिवसांचा आठवडा असेल तर १९०) की हक्क येतो, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे. पण तो सगळ्या कंपन्या मुकाट्याने मानत नाहीत, तेव्हा पूर्ण पाच वर्षं धरूनच हिशोब करावा. तुमच्या आजच्या कंपनीत मात्र तीच ओळ पक्की झालेली आहे.

मुदतीच्या कराराची नेमणूक देत असतील तर वेगळं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे अशा कर्मचाऱ्याला वर्षभरानंतरच सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी आहे.

ग्रॅच्युइटीसाठी थांबतोय, हे वाक्य फार ऐकू येतं, म्हणून तिचा हिशोब नीट मांडतो. सूत्र : शेवटचा पगार (बेसिक अधिक डीए) × १५ ÷ २६ × सेवेची वर्षं. सहा महिन्यांपेक्षा जास्त उरलेला काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून तुमची १४ वर्षं ८ महिने ही १५ वर्षं. ३५,००० × १५ ÷ २६ म्हणजे २०,१९२. गुणिले १५ म्हणजे ३,०२,८८५. हे आज राजीनामा दिलात तरी तुमचेच. (जे १४ वर्षं ५ महिन्यांवर आहेत त्यांनी दोन महिने कळ काढावी. त्या दोन महिन्यांत एका वर्षाची ग्रॅच्युइटी आहे.)

खरी गोम अशी की ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर निघते, त्यामुळे उद्याची प्रत्येक वाढ मागच्या सगळ्या वर्षांना लागू होते. समजा इथेच २५ वर्षं पूर्ण केलीत आणि तोवर बेसिक ७०,००० झालं : १०,०९,६१५ मिळतील. आता गेलात आणि तिकडे दहा वर्षांनी बेसिक तीस टक्के जास्त म्हणजे ९१,००० असेल, तर तिकडचे ५,२५,०००, आजचे ३,०२,८८५, एकूण ८,२७,८८५. म्हणजे जाणाऱ्याचं १,८१,७३० चं नुकसान? नाही. आज हातात आलेले तीन लाख दहा वर्षं सात टक्क्यांनी ठेवले तर त्यांचे ५.९५ लाखांच्या वर होतात आणि बेरीज ११.२० लाखांपर्यंत जाते. त्याच पैशाची गाडी घेतली तर नुकसान खरं. थोडक्यात, पाच वर्षं झाल्यावर ग्रॅच्युइटी हे थांबण्याचं कारण राहत नाही. पाचाच्या आत असलेल्यांसाठी जरूर आहे.

नव्या कामगार संहितांमधला आणखी एक मुद्दा कर्मचाऱ्याच्या बाजूचा. पगाराच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरची रक्कम पगारात धरावी लागते. ज्यांचं बेसिक सीटीसीच्या तीस टक्क्यांवर दाबून ठेवलेलं होतं, त्यांची ग्रॅच्युइटी यामुळे बरीच वाढते. तुमचं आधीच निम्म्यावर आहे.

जुन्या माणसांचा सेवाकाळ सर्वांत जास्त बुडतो तो मात्र वेगळ्याच ठिकाणी : ग्रुपमधल्या ग्रुपमध्ये बदली. प्लँट दुसऱ्या कंपनीच्या नावावर गेला, किंवा "तुम्हाला आपल्याच सिस्टर कन्सर्नला घेतोय" म्हणत नवीन अपॉइंटमेंट लेटर हातात दिलं. पगार तोच, गेट तेच, कँटीन तेच, म्हणून सही होते. त्या पत्रात नेमणुकीची तारीख आजची असेल आणि जुन्या सेवेचा उल्लेख नसेल, तर पंधरा वर्षं संपली आणि पहिला दिवस सुरू झाला, असा अर्थ पुढे कुणीतरी लावणारच. पत्रात स्पष्ट वाक्य हवं : सेवेत खंड न पडता बदली, मूळ रुजू तारीख अमुक, आणि पूर्वीची सेवा ग्रॅच्युइटी, रजा व अन्य सर्व लाभांसाठी धरली जाईल. हे वाक्य नसेल तर सहीपूर्वी ईमेलने मागा. सही झाल्यावर मागितलं तर एचआर "बघतो" म्हणतं.

पीएफचं गणित उलटं आहे. ते कंपनीशी बांधलेलं नाही, यूएएनशी (पीएफच्या कायमच्या सभासद क्रमांकाशी) बांधलेलं आहे, म्हणून दहा नोकऱ्या केल्या तरी सेवा जोडली जाते. अट एवढीच की प्रत्येक वेळी पैसे काढायचे नाहीत, ट्रान्सफर करायचे. तुमच्या बारा टक्क्यांइतकेच बारा टक्के कंपनी भरते आणि कंपनीच्या हिश्शातून ८.३३ टक्के, पण १५,००० च्या मर्यादेमुळे महिना १,२५० रुपये, पेन्शन योजनेत जातात. पेन्शनचं सूत्र : पेन्शनपात्र पगार × सेवेची वर्षं ÷ ७०. किमान दहा वर्षं लागतात, वीस झाली तर दोन वर्षं जादा धरतात. २८ वर्षांची सेवा असेल तर ३० धरून १५,००० वर महिना ६,४२८ निघतात. सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेला ६,५०० ची मर्यादा होती, त्यामुळे तुमच्यासारख्याचे थोडे कमी. एवढ्याशा रकमेसाठी एका जागी थांबायचं कारण नाही, पण ती हलगर्जीपणाने घालवायचंही कारण नाही.

ती जाते कशी, तर बदलाच्या वेळच्या कारकुनी चुकांनी. जुनी कंपनी सोडल्याची तारीख भरत नाही. किंवा भरते, पण ती नव्या कंपनीच्या रुजू तारखेच्या नंतरची असते. दोन सेवा एकमेकींवर चढल्या की ट्रान्सफर अडकतं. आधारवर नाव मधल्या नावासकट आणि पीएफला नुसतं आद्याक्षर, हाही नेहमीचा घोळ. सगळ्यात महाग चूक अशी : सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा लागलेल्या आणि पंधरा हजारांवर पगार असलेल्या माणसाला पेन्शन योजना नसते, म्हणून नवीन कंपनी तुम्हालाही नवखा समजून १,२५० रुपये भरतच नाही. तुम्ही आधीपासून सभासद आहात, तेव्हा रुजू होतानाच्या फॉर्म ११ मध्ये जुना यूएएन आणि पेन्शन सभासदत्व दोन्ही नोंदवा आणि दुसऱ्या महिन्यात पासबुक उघडून पेन्शनच्या रकान्यात १,२५० दिसतात का ते बघा. दहा वर्षांनी बघाल तर निस्तरायला दोन वर्षं जातील.

काढून टाकायची वेळ आली तर? इथे कायद्याने सेवाकाळाला खरी किंमत दिली आहे, पण कामगाराला. औद्योगिक विवाद कायद्यापासून चालत आलेलं तत्त्व नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे : कपातीत दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार, आणि त्याच कामाच्या गटात शेवटी आलेला आधी जाणार. मशीनवरच्या माणसाचं पंधरावं वर्ष त्याला असं वाचवतं. तुम्ही व्यवस्थापकीय कामात आहात, कामगाराच्या व्याख्येत बसत नाही. तुमचं संरक्षण म्हणजे अपॉइंटमेंट लेटरमधली नोटिशीची ओळ. साठ दिवस असेल तर पंधरा वर्षांचे दोन पगार. त्याहून जास्त मिळतं ते कंपनीच्या धोरणावर आणि तुमच्या घासाघिशीवर. म्हणून "राजीनामा द्या, आपण नंतर बघू" असं म्हटलं तर रक्कम लेखी येईपर्यंत सही करू नका. राजीनामा दिला की कपात झालीच नाही, असं दप्तरी ठरतं.

कामगारांच्या बाजूला निष्ठेचं आणखी एक खातं आहे : करार. युनियन असलेल्या कारखान्यांत तीन-साडेतीन वर्षांनी जो पगारकरार होतो, त्यात बऱ्याच ठिकाणी सेवेच्या टप्प्यांप्रमाणे जादा रक्कम असते. पाच वर्षांवाल्याला इतके, पंधरावाल्याला तितके. खासगी क्षेत्रात नुसत्या टिकण्याला मासिक पगारात मिळणारी किंमत जवळजवळ एवढीच. त्याच शेडमध्ये ठेकेदाराकडचा माणूस बारा वर्षं काम करतो आणि त्याच्या हाती काही लागत नाही, कारण ठेकेदार बदलतो, त्याबरोबर पीएफचा कोड बदलतो, आणि कागदावर त्याची नोकरी कधीच वर्षाच्या पुढे जात नाही. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांत (कारखान्यांच्या सेवानियमांच्या सरकारी नमुन्यात) १२ महिन्यांत २४० दिवस भरले की कायम करण्याची तरतूद होती. सात महिन्यांनी "ब्रेक" देण्याची चाल त्यातूनच पडली. इथे निष्ठा असूनही सेवाकाळ नाही. अशा माणसाने गेटपास, हजेरीकार्डाचे फोटो आणि प्रत्येक ठेकेदाराची पगारपावती जपावी, तेवढाच पुरावा.

सरकारी नोकरीत नुसता काळ पैसे देतो. राज्य कर्मचाऱ्याला बढती मिळाली नाही तरी १०, २० आणि ३० वर्षांनी आश्वासित प्रगती योजनेचा लाभ आहे. ती तुलना कारखान्यातल्या माणसाने मनातून काढून टाकावी.

आता दोन गोष्टी, ज्या ऑफरच्या तक्त्यात नसतात. पहिली मेडिक्लेम. आजच्या ग्रुप पॉलिसीत आईवडील असतील, त्यांना मधुमेह-रक्तदाब असेल आणि ते पहिल्या दिवसापासून कव्हर असतील, तर नव्या कंपनीच्या पॉलिसीत ते आहेत का हे ऑफर स्वीकारण्याआधी विचारा. नसतील तर नोकरी सोडण्यापूर्वी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा. कव्हर चालू असतानाच केला तर आधी काढलेला प्रतीक्षाकाळ (ज्या काळात त्या आजाराचा दावा मिळत नाही तो) वजा होतो. आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, पण सत्तरीतल्या आईसाठी तीन वर्षं थोडी नाहीत. हप्ता काढून बघा. तीस टक्क्यांची वाढ कधीकधी इथेच संपते.

दुसरी कर्मचाऱ्यांची पतसंस्था, म्हणजे आपली सोसायटी. सोडताना कर्जाची उरलेली रक्कम एकरकमी द्यावी लागते आणि ती फुल अँड फायनलमधून (सोडतानाच्या अंतिम हिशोबातून) वळती होते. शेअर्सचे पैसे मात्र सोसायटी आपल्या सवडीने देते. तुम्ही कुणाला जामीन असाल तर तो जामीन नोकरी सुटली म्हणून सुटत नाही. बदली जामीनदार देऊन मोकळे व्हा, नाहीतर दोन वर्षांनी पत्र येतं.

मग जावं की राहावं? या आकड्यांवर नुसत्या पैशासाठी जाण्यासारखी ही ऑफर नाही. पण एक परीक्षा घ्या. तुम्हाला येतं त्यातलं किती या गेटच्या बाहेर चालतं? कोणत्या डायच्या (साच्याच्या) पार्टला कुठे बर (धातूची धारदार कड) येते, अमक्या ग्राहकाचा माणूस कोणत्या डायमेन्शनवर अडून बसतो, जुन्या ड्रॉइंगवरची कोणती टॉलरन्स (मापातली चालणारी तफावत) कधी बदलली, हे ज्ञान कंपनीला सोन्याचं आणि बाजारात कवडीमोलाचं. पीपीएपी (ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घ्यायची कागदपत्रं) स्वतः उभं करणं, आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक) चं अंतर्गत ऑडिट, व्हीडीए ६.३ (जर्मन वाहन उद्योगाची प्रक्रिया-ऑडिटची पद्धत), एसपीसीचे (आकडेवारीने प्रक्रियेवर नजर ठेवण्याचे) आलेख वाचून प्रक्रिया दुरुस्त करणं, हे कुठेही चालतं. पहिल्या प्रकारचं ज्ञान ऐंशी टक्के असेल आणि वय चाळिशीकडे आलं असेल, तर ऑफर मध्यम असली तरी तिकडचं काम काय आहे ते नीट बघा, कारण आणखी पाच वर्षांनी अशी ऑफरही येणार नाही. दुसऱ्या प्रकारचं जास्त असेल तर घाई नाही, याहून चांगली येईल.

राहायचं ठरवलंत तर ऑफर दाखवून पगार वाढवून घेऊ नका. वाढतो, पण पुढच्या इन्क्रिमेंटला तोच कापला जातो आणि "हा जाणारच" अशी नोंद होते. त्यापेक्षा मार्केट करेक्शन (पगार बाजारभावाला आणणारी वाढ) मागा, आणि ते एप्रिलच्या पत्रानंतर मागायचं नसतं. पगाराचं बजेट डिसेंबर-जानेवारीत बंद होतं, म्हणून विभागप्रमुखाशी ऑक्टोबरमध्ये बोला. एका पानावर तीनच गोष्टी असू द्या : तुमच्या ग्रेडच्या बँडमध्ये तुम्ही कुठे आहात, गेल्या दोन वर्षांत रिजेक्शन आणि ग्राहकाच्या तक्रारी किती कमी झाल्या याचे आकडे, आणि तुमची जागा भरायला काय पडेल. प्लेसमेंट एजन्सी साधारण एका महिन्याच्या सीटीसीइतकं, ८.३३ टक्के घेते. वर तीन महिने जागा रिकामी आणि नवीन माणूस बाजारभावाने. "पंधरा वर्षं इमानाने काम केलं" हे वाक्य त्या पानावर नको. ते ऐकून साहेब हळहळतात, पण वित्त विभागाला पाठवायच्या शीटमध्ये त्याला रकाना नाही.

जायचं ठरलं तर राजीनाम्याआधी पगारपावत्या, रजेचा शिल्लक तक्ता आणि मूळ अपॉइंटमेंट लेटर यांच्या प्रती घरी आणा. राजीनामा दिला की पोर्टलचं लॉगिन त्याच दिवशी बंद होऊ शकतं. रजेचे पैसे सोडताना घेतले तर ठरावीक सूत्राने, आयुष्यभरात मिळून २५ लाखांपर्यंत करमुक्त आहेत. नोकरीत असतानाच विकलेल्या रजेवर पूर्ण कर लागतो. ग्रॅच्युइटीला ही मर्यादा २० लाख. वेतन संहितेप्रमाणे राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत, ग्रॅच्युइटी तीस दिवसांत. ग्रॅच्युइटीसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उशीर झाला तर त्यावर व्याज मागता येतं, आणि नोटीस पिरियड पूर्ण केला नाही म्हणून कंपनीला ग्रॅच्युइटी अडवता येत नाही. नोटिशीचे पैसे पगारातून कापायचे असतात. तरी "नो ड्यूज (कसली बाकी नसल्याचा दाखला) झाल्याशिवाय देणार नाही" असं कळवलं तर कामगार आयुक्त कार्यालयात ग्रॅच्युइटीच्या वादांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. बहुतेक वेळा त्या अर्जाची प्रत एचआरला ईमेल केली की चेक तयार होतो.